झाकण लावल्यावर

१

स्कॉटलंडमधून परत यायचं ठरवलं तेव्हा समराच्या डोळ्यांसमोर एक विद्यापीठ होतं. सरकारी, परवडणाऱ्या फीचं, जिथे वॉचमनची मुलगी आणि डॉक्टरांचा मुलगा एकाच दुर्बिणीला आळीपाळीने डोळा लावतात. भिंतींना ओल असेल, पंखे कुरकुरत असतील, पण फळ्यासमोर उभं राहून माणसं तावातावाने भांडत असतील, आणि भांडण ताऱ्यांवरून असेल. तिकडच्या प्राध्यापकबाई म्हणाल्या होत्या, पीएच.डी. इथेच कर, तुझ्यासाठी जागा आहे. त्यावर समराने त्यांना आपल्या देशाबद्दल असं काही भाषण ऐकवलं की बाईंनी हसून विषय सोडून दिला.

उलव्याजवळच्या कॅम्पसमध्ये तिला मिळालं ते असं: विज्ञान इमारतीच्या गच्चीवर एक पांढरा घुमट होता खरा, पण आत दुर्बिणीला खेटून मोडकी बाकं रचलेली, कुठल्यातरी पदवीदान समारंभाचा फ्लेक्स गुंडाळून ठेवलेला, आणि कोपऱ्यात थर्माकोलचा एक शनी, कडं तुटलेला. विमानतळाचे, कंटेनर यार्डाचे आणि नव्या टॉवरांचे दिवे मिळून रात्रीचं आकाश पाणचट चहाच्या रंगाचं झालं होतं. म्हणून विभागाने रात्रच सोडून दिली होती. आता फक्त सूर्य. सकाळी घुमट उघडायचा, सूर्यावरच्या डागांचे फोटो काढायचे, दुपारी कुलूप लावायचं.

"बँकेचा टाइम आहे आपला," निखिल म्हणाला. तोही तिच्यासारखाच या लॅबमध्ये पीएच.डी. करत होता, बरीच वर्षं. "लंच टाइमला सूर्य पण बंद ठेवावा म्हणतो मी."

"आणि तुला याचं काहीच वाटत नाही?"

"सुरुवातीला वाटायचं. मग सवय झाली. तुला पण होईल, फॉरेन रिटर्न."

समराला सवय या शब्दाचाच संताप होता. आकाश गेलं ते दिव्यांमुळे. पण ते गेलं म्हणून कुणी साधी तक्रारही केली नाही, याचा तिला जास्त राग आला.

२

खरी ठिणगी पडली ती डार्कवरून.

कॅमेरा स्वतःही थोडी घाण करतो. त्याच्या आतल्या उष्णतेमुळे फोटोत ठिपके उमटतात. म्हणून कॅमेऱ्यावर झाकण लावून, खोलीत काळोख करून, काहीही दिसत नसताना एक फोटो घ्यायचा असतो. त्याला डार्क म्हणतात. मग सूर्याच्या फोटोतून तो डार्क वजा करायचा. वाणी तेल मोजण्याआधी रिकाम्या भांड्याचा धडा करून घेतो, तसंच हे. हे काम रोजच्या रोज करावं लागतं, कारण कॅमेरा रोज सारखा तापत नाही. ही गोष्ट जगातल्या कुठल्याही वेधशाळेत पहिल्या आठवड्यात शिकवतात.

"आपले डार्क कुठे ठेवता?" तिने विचारलं.

"डार्क. एकच आहे," निखिल म्हणाला. "मास्टर डार्क. सर्व्हरवर आहे, उचल आणि वजा कर."

"कधीचा आहे तो?"

"मी यायच्या आधीचा."

"अरे, मग नवीन का घेत नाही कुणी?"

"इथे नाही घेत."

"म्हणजे? कारण काय?"

निखिलने खांदे उडवले. "प्रथा आहे."

खगोलशास्त्राच्या विभागात प्रथा! समरा तशीच उठून विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये गेली. नंदकिशोर सर सज्जन माणूस, आवाज कधी चढवत नसत. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"आपले पेपर छापून येतायत ना?"

"सर, चुकीच्या डार्कवर येतायत."

"त्या डार्कने आजवर काही बिघडलेलं नाही." मग ते म्हणाले, "दुपारी घुमटात फार वेळ बसू नका. उकडतं."

आळस, तिने मनात म्हटलं. नुसता आळस, आणि त्याला वर काळजीचा मुलामा. सर काही बोलत नाहीत म्हणजे त्यांनी नाही म्हटलेलं नाही, असा अर्थ लावून तिने दुसऱ्याच दिवसापासून नवे डार्क घ्यायला लावले. स्वतःच्या हाताखालच्या मुलीला.

३

ती मुलगी अबोली. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिचा प्रकल्प समराच्या देखरेखीखाली चालला होता. करावे गावातली; घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. लांब वेणी, गळ्यात ओळखपत्र, आणि तोंड सतत चालू. समराने पहिल्याच दिवशी तिला बजावलं होतं, "मॅडम म्हणायचं नाही."

"मंग काय म्हनू? समरा म्हटलं तर आय मारील मना."

"ताई म्हण."

तेव्हापासून ताई. अबोली रोज सूर्याचे फोटो घ्यायची आणि दुपारी घुमटाची आकाशाकडची फट मिटवून, दार लावून, दिवा घालवून, कॅमेऱ्याला झाकण घालून डार्क घेत बसायची. एकेका डार्कला वेळ लागतो. तेवढा वेळ तिथल्या एकुलत्या खुर्चीवर अंधारात बसून राहायचं.

काही दिवसांनी ती लॅपटॉप घेऊन आली. "ताई, यो डाग बघ."

काळ्या फोटोच्या वरच्या कोपऱ्यात एक फिकट करडा ठिपका होता. समराने मास्टर डार्क उघडून पाहिला. त्यातही तसाच होता, थोडा लहान.

"कॅमेऱ्यातलं सर्किट गरम होतं ना, त्याचा उजेड आहे तो. सगळ्या कॅमेऱ्यांना असतो."

"पन हा सोमवारी इथं व्हता. आता इथं हाय." अबोलीने पडद्यावर बोट सरकवलं, कोपऱ्यापासून मध्याकडे.

समराने पुन्हा पाहिलं. सर्किट जागचं हलत नाही.

"कुठूनतरी उजेड शिरत असेल," ती म्हणाली. "आपण काळी पट्टी लावू."

त्यांनी दोघींनी मिळून लावली. दाराच्या फटी, खिळ्यांची भोकं, दुर्बिणीचे सांधे, सगळीकडे. अबोली स्टुलावर चढून पट्टी चिकटवत होती आणि एकदम म्हणाली, "आवाज पन येतो, ताई."

"कसला?"

"शटरचा. टक करून. डार्क घेताना."

"डार्क घेताना शटर उघडतच नाही. आवाज यायचा संबंधच नाही."

"आपल्या कॅमेऱ्याचा नाय." अबोलीने हातातल्या पट्टीने समोरच्या भिंतीकडे दाखवलं, जिथे बाकं रचली होती. "तिकडून. सुरुवातीला एक. मंग डार्क संपला का परत एक. जसा कोन तरी आपला फोटू काढतंय."

समरा हसली. आणि मग तिला रागही आला. खगोलशास्त्राची विद्यार्थिनी, आणि रिकाम्या खोलीला घाबरते! याच मुलींना पुढे जाऊन लोकांना समजावायचं आहे की ग्रहणात जेवल्याने काही होत नाही. तिने अबोलीला बराच वेळ ऐकवलं. अबोलीने मान खाली घालून ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा घुमटात जाऊन बसली.

४

विद्यापीठात हजेरीसाठी चेहरा ओळखणारं यंत्र बसवलं होतं. समोर उभं राहायचं, हिरवा दिवा लागला की झालं. अबोलीला तो लागेनासा झाला. आधी अधूनमधून, मग कधीच नाही. परीक्षेच्या तोंडावर ऑफिसने तिची हजेरी कमी भरते म्हणून हॉल तिकीट अडवलं. हॉल तिकीट नाही म्हणजे तोंडी परीक्षा नाही, म्हणजे वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं की घरी लग्नाचं बोलणं सुरू होणार, हे तिने समराला हसत हसत सांगितलं होतं. पण हसताना तिचे डोळे दुसरीकडे होते.

समरा तिला घेऊन ऑफिसात गेली. टेबलापलीकडे वैजयंती मॅडम होत्या, डबा उघडायच्या बेतात.

"मशीन म्हणतंय चेहरा दिसत नाही. मी त्यात काय करणार?"

"मशीन बिघडलंय, हे तुम्ही सांगू शकता. लिहून द्या."

"बाकी सगळ्यांचं बरोबर घेतं की ते. हे बघा, मला टोमणे मारू नका, माझ्याकडे रोज शंभर पोरं येतात."

"ती पोरगी रोज येते. सकाळपासून घुमटात राबते. तुमच्या यंत्राला दिसत नाही म्हणून ती आली नाही? अहो, तुमच्यासमोर उभी आहे ती!"

"कोण?" वैजयंती मॅडम म्हणाल्या.

त्यांनी चेष्टा म्हणून विचारलं नव्हतं. त्यांची नजर समराच्या शेजारच्या जागेवरून फिरली, दारापर्यंत गेली, परत आली. मग एकदम अडखळल्यासारखी थांबली. "हां, हां. ही होय. दिसली नाही, बाई. डोळे तपासले पाहिजेत एकदा."

बाहेर आल्यावर समरा तावातावाने बोलत राहिली, या लोकांना माणसं दिसतच नाहीत, कागद दिसतात, तक्रार करू, कुलगुरूंपर्यंत जाऊ. कॉरिडॉर लांब होता. तिथले दिवे माणसाच्या हालचालीने लागतात. समरा पुढे चालली तसा एकेक दिवा लागत गेला आणि मागचा विझत गेला. जिन्यापाशी तिने वळून पाहिलं.

अबोली मागे राहिली होती, बुटाचा बंद बांधत. मग ती उठून चालायला लागली. तिच्या डोक्यावरचा एकही दिवा लागला नाही. ती पूर्ण कॉरिडॉर अंधारातून चालत आली.

५

आता समराला दिसायला लागलं. किंवा असं म्हणू, की ती मुद्दाम बघायला लागली. कँटीनचा पोऱ्या दोघींच्या टेबलावर यायचा आणि एकच ग्लास पाणी ठेवायचा. निखिल एकदा बोलता बोलता अबोलीच्या मांडीवर बॅग ठेवायला गेला आणि दचकला. "सॉरी यार, तू कधी आलीस?" ती अर्ध्या तासापासून तिथेच बसली होती, आणि त्यातला बराच वेळ तीच बोलत होती.

"वजन कमी झालं असेल," निखिल म्हणाला. "डाएट वगैरे."

"गप्प बस."

समराने कारणं शोधली. यंत्राला सावळे चेहरे नीट ओळखता येत नाहीत, हे तर सिद्ध झालेलं आहे. त्यावर ती तिकडे एका मोर्चातही गेली होती. दिव्यांचे सेन्सर स्वस्तातले असतील. गरीब घरच्या मुलीकडे लोक बघत नाहीत, यात नवीन काय? प्रत्येक कारण खरं होतं, आणि प्रत्येकावर तिला मनापासून चीड येत होती. त्या चिडीच्या आड ती बरेच दिवस सुखाने राहिली.

एका दुपारी तिने लॅबमध्ये चहा केला. दोन कप भरले, एक निखिलला दिला, एक स्वतः घेतला. निम्मा पिऊन झाल्यावर समोरच्या खुर्चीतून आवाज आला.

"ताई, तू पन?"

अबोली रडत नव्हती. नुसती बघत होती. समराने कप खाली ठेवला.

"आजपासून घुमटात जायचं नाही," ती म्हणाली. "ऐकलंस? एकही डार्क घ्यायचा नाही."

"मी मगापासून तेच सांगत व्हते," अबोली म्हणाली.

६

समराने कॅमेरा काढून नेरूळला घरी नेला. ती तिच्या मावशीकडे राहत होती, करिमुन्निसा खाला आणि खालूंकडे. अब्बा, म्हणजे इसाकभाई, अजून दोह्यात नोकरीला होते; समराचं सगळं शिक्षण तिथे आणि मग स्कॉटलंडात झालेलं. खालाला कॅमेऱ्याचं काही वाटलं नाही. त्याला ठेवायची जागा बघून वाटलं.

"तांदळाच्या डब्यात काय ठेवतेस गो?"

"पाच मिनिटं. अंधार पाहिजे."

"अंधार पाहिजे तर कपाटात ठेव. उद्या बिर्याणीत तारे निघतील."

त्या डब्यात घेतलेला डार्क स्वच्छ निघाला. नुसते ठिपके, मिठासारखे विखुरलेले. कपाटातला, पलंगाखालचा, बाथरूममधला, सगळे स्वच्छ. करडा डाग कुठेच नव्हता.

म्हणजे दोष कॅमेऱ्यात नव्हता. झाकण लावलेल्या कॅमेऱ्याला, ज्याला काहीच दिसायला नको, त्याला त्या घुमटात काहीतरी दिसत होतं. ते उजेडात तिथे नसायचं. झाकण लावून दिवा घालवला की असायचं. अबोलीचे डार्क तिने तारखेप्रमाणे एकामागे एक लावले आणि भराभर पुढे सरकवले. डाग कोपऱ्यातून निघाला, मोठा होत मध्याकडे आला, आणि गोल झाला.

"जेवायला ये," खाला म्हणाली. "असं बघतेस काय, कुणी गेल्यासारखं?"

७

नंदकिशोर सर एकटेच होते. समराने दार लावून घेतलं.

"सर, मास्टर डार्क कुणी घेतला होता?"

"जुनी गोष्ट आहे."

"तो घेणारं कुणीतरी असेलच. अंधारात बसलेलं."

"होतं." त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. "हुशार होता. की होती." त्यांच्या कपाळावर घाम आला होता, पंखा चालू असून. "तुम्ही हसाल. मला मुलगा की मुलगी तेही आठवत नाही. माझाच विद्यार्थी. मी पेपर वाचून दाखवायचो, आणि समोरून चुका काढणारा एक आवाज असायचा. आवाज आठवत नाही. चुका आठवतात."

त्यांनी मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे एका जुन्या तुकडीचा फोटो होता, गच्चीवर घुमटासमोर काढलेला. तरुण नंदकिशोर सर मधोमध उभे, सगळे हसणारे. सरांचा उजवा हात बाजूला पसरलेला होता, खांद्याच्या उंचीवर. हात कुणाच्यातरी खांद्यावर ठेवल्यासारखा टेकलेला होता. त्याखाली कुणी नव्हतं. गच्चीचा कठडा दिसत होता आणि मागची खाडी.

समराला आधी भीती वाटायला हवी होती. तिला आला तो संताप.

"तुम्हाला माहीत होतं."

"एक डार्क असला की तोच वजा करता येतो. पुन्हा कुणाला बसावं लागत नाही. मी तेवढी व्यवस्था केली."

"आणि मला सांगितलं का नाही?"

"काय सांगणार होतो? लेखी काय देणार होतो? तुम्ही तिकडून आलेल्या, प्रत्येक गोष्टीला पुरावा मागणाऱ्या. मी उकडतं म्हटलं, तुम्ही ऐकलंत?"

"सर, उकडतं म्हणजे सांगणं नव्हे!"

सर समजुतीच्या सुरात म्हणाले की नवे डार्क पुसून टाकू, प्रकल्प जुन्या डार्कवर करून घेऊ. त्या मुलीच्या, काय तिचं नाव, तिच्या हॉल तिकिटावर मी स्वतः सही करतो.

"अबोली."

"हो, अबोलीच्या. तिचं वर्ष वाचेल. पुढच्या सहामाहीत नवा कॅमेरा येतोय, मंजुरी आलीय. मग हा विषयच..."

नव्या कॅमेऱ्याला जुना डार्क चालत नाही. नवा लागतो. कुणाला तरी बसावं लागणार होतं.

"कुणाला बसवणार, सर?" समराने विचारलं.

सरांनी स्वतः ते कधीच ठरवलं नसतं. ते आपोआप ठरलं असतं, वेळापत्रकातून. गावाकडून आलेली, नाही म्हणता न येणारी कुणीतरी.

८

त्याच दिवशी दुपारी समरा घुमटात गेली. अबोलीला तिने घरी पाठवलं होतं, आणि पोहोचल्यावर फोनही करायला लावला होता. पलीकडे तिची आई कुणावर तरी ओरडत होती आणि अबोली म्हणाली होती, "पोचले ताई. आयला पन दिसले, दुसऱ्या हाकेला."

आपण हे का करतोय, हे समराने स्वतःला विचारलं. बघितल्याशिवाय बोलायचं नाही, एवढंच तिला शिकवलेलं होतं. तिने फट मिटवली, दार लावलं, कॅमेऱ्याला झाकण घातलं, लॅपटॉपचा पडदा पालथा केला आणि दिवा घालवला.

आतली हवा पत्र्याच्या डब्यातल्यासारखी तापली होती. बाहेर एक विमान उतरत होतं. त्याची घरघर घुमटाभोवती फिरली आणि विझली. कॅमेऱ्याचा बारका पंखा घूं घूं करत होता. खुर्चीचा रेक्झिन अबोलीच्या बसण्याने खोलगट झालेला जाणवत होता. तिने हात मांडीवर ठेवले. पत्रा तापल्याने कडकडतो, तिने स्वतःला सांगितलं, लाकूडही वाजतं.

टक.

समोरून. बाकांच्या बाजूने. लहानसा, स्वच्छ, नीट तेल घातलेल्या यंत्राचा आवाज. तो तिच्या चांगल्या ओळखीचा होता. असा आवाज कुठलीतरी गोष्ट उघडल्यावर येतो.

त्यानंतर शांतता. आणि त्या शांततेत तिला पहिल्यांदाच आयुष्यात कळलं की दुर्बिणीच्या दुसऱ्या टोकाला असणं कसं असतं. कुणी स्पर्श करत नव्हतं. कुणाचा श्वास नव्हता. नुसतं गोळा केलं जात होतं, थेंबाथेंबाने, घाई न करता, जसा आपण दूरच्या ताऱ्याचा उजेड गोळा करतो. रागावायचं तिने ठरवलं होतं, पण राग कुणावर ते पटकन सापडेना. स्वतःचं नाव मनात म्हणावंसं वाटलं आणि ते यायला किंचित वेळ लागला.

टक.

तिने झडप घालून दिवा लावला. बाकं. फ्लेक्स. तुटक्या कड्याचा शनी. मग लॅपटॉप सरळ केला.

काळ्या चौकटीच्या मध्यभागी एक गोल होता, जाड कडेचा, नळीच्या तोंडासारखा. त्यावर झाकण होतं, दुधाच्या पातेल्यावरचं सरकावं तसं बाजूला सरकलेलं. उघड्या फटीत खोल आत काहीतरी लहानसं दिसत होतं. समराने ते मोठं केलं. खुर्ची होती, उलटी. दुर्बिणीतून सगळं उलटंच दिसतं. खुर्चीवर कुणीतरी बसलेलं होतं, हात मांडीवर ठेवून, पाठमोरं. त्याची लांब वेणी वरच्या दिशेने लोंबत होती.

त्याच्या पलीकडे आणखी कुणीतरी बसलेलं होतं. तिने तिथे बघितलं नाही. त्या दोघांच्या मध्ये आणखी एक खुर्ची होती, रिकामी.

खाली उतरताना कॉरिडॉरमध्ये दिवा लागला नाही. समरा थांबली, हात वर करून हलवला, मग जोराने हलवला. तेव्हा तो लागला.

९

सकाळी खालाने खिमा-पाव पुढे ठेवला आणि म्हणाली, "रात्रभर कूस बदलत होतीस. जायचं असेल परत तिकडे, तर जा गो. त्यात लाज कसली? अब्बाला मी सांगते."

जाता आलं असतं. तिकडच्या बाईंनी एका ओळीत हो म्हटलं असतं. समराने ताटलीकडे बघत विचार केला, आणि तिला दिसली ती पुढच्या सहामाहीतली एक मुलगी, जिचं नाव अजून कुणाला माहीत नव्हतं, नव्या कॅमेऱ्यासमोर, दार लावून बसलेली. आणि केबिनमध्ये बसलेला एक सज्जन माणूस, तिला उकडतं म्हणून सांगणारा.

"खालूंची हत्यारांची पेटी कुठाय?" तिने विचारलं.

गच्चीच्या जिन्यावर अबोली भेटली. समराला ती दोनदा बघावी लागली, पण दिसली. तिच्या मागोमाग निखिलही आला, जांभई देत, आणि पेटी बघून थबकला.

"काय करतेयस?"

"घुमटाचं दार काढतेय. बिजागऱ्यांसकट. मग फटीची मोटर काढणार, फट उघडीच राहील."

"वेडी आहेस का? जूनमध्ये पाणी आत येईल. दुर्बीण जाईल, माझा डेटा जाईल. तुझी पीएच.डी. जाईल!"

"जाईल."

"सर तुला काढून टाकतील."

"काढू दे. लेखी काढू दे, कारण लिहून. ते कारण मी सगळ्यांना वाचून दाखवीन." तिचा आवाज गच्चीवर चढला आणि तिने तो चढू दिला. "ज्या खोलीत माणूस संपतो ती खोली तुम्ही वर्षानुवर्षं वजा करत आलात, निखिल. तू पण. मी पण केली. आता तिथे चोवीस तास उजेड राहील. या विमानतळाचा, त्या टॉवरांचा, सगळ्या घाणेरड्या दिव्यांचा. तिथे पुन्हा कुणाला डार्क घेता येणार नाही."

निखिल जिना उतरून गेला नाही.

अबोली दारापाशी उभी होती. "आनि माझं काय, ताई? गेलंय ते येईल परत?"

खोटं सांगणं सोपं होतं. "माहीत नाही," समरा म्हणाली. "तोंडी परीक्षेला मी तुझ्या शेजारी बसेन. तुझ्याकडे बघायचं ते विसरले, तर मी टेबल वाजवीन."

"जोरात वाजव," अबोली म्हणाली, आणि दोन्ही हातांनी दार धरलं.

समराने वरच्या बिजागरीच्या पहिल्या स्क्रूला पेचकस लावला.